प्लॉटर नंतर बघू, आधी मार्चचा हप्ता

प्रश्न : खानापुरात माझं बोर्ड आणि रेडियमचं दुकान आहे. वय ३९. आधी ब्रशने बोर्ड रंगवायचो, आता व्हिनाइलची अक्षरं लावतो. कटिंग बेळगावहून करून आणतो, त्याचं महिन्याला ७,००० च्या आसपास बिल होतं. आता स्वतःचा दोन फुटी कटिंग प्लॉटर घ्यायचा आहे. चिनी ३८,००० ला आणि जपानी १,६०,००० ला सांगितलाय. जपानी घेतला की पुन्हा बघायला नको, असं सगळे म्हणतात. त्यासाठी मिसेसचे दागिने सोसायटीत ठेवून कर्ज काढणार, व्याज महिना शेकडा सव्वा रुपया. मशीन आलं की नंबरप्लेट आणि बोर्ड धरून महिना ४०,००० जादा सुटतील. दरवर्षी ६ लाखांचा धंदा होतो, २०२४ साली ९ लाखांचा झाला होता. पिग्मीत ८५,००० जमलेत, पण ते धरू नका, मार्चमध्ये पॉलिसीचा ९६,००० चा हप्ता आहे. १२ वर्षं भरायचं, विसाव्या वर्षी २१ लाख मिळणार, टॅक्स फ्री. मिसेसच्या मावसभावाने २०२३ च्या मार्चमध्ये काढून दिली. तीन हप्ते झाले. मुलं दोन, दोघंही शाळेत. तर कोणतं मशीन घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं मशीन जपानी नाही. ‘ते धरू नका’ असं लिहून जे बाजूला ठेवलंत, ते आहे. म्हणून मी आधी तेच धरतो.

रोज अडीचशे रुपये पिग्मीवाल्याच्या हातावर ठेवायचे, वर्षभराने ते उचलून पॉलिसीत टाकायचे, आणि धंद्याला पैसा लागला की बायकोच्या पाटल्या घेऊन सोसायटीत जायचं. शेकडा सव्वा म्हणजे वर्षाला १५ टक्के. आणि पॉलिसी देते किती? १२ हप्त्यांचे साडेअकरा लाख भरून २१ लाख मिळणार, म्हणजे ‘जवळजवळ दुप्पट’. हे वाक्य मेव्हण्यांनी नक्की वापरलं असणार. पण दुप्पट किती वर्षांत, हे कोणी मोजत नाही. मी मोजलं. वर्षाला चार टक्क्यांहून थोडं जास्त पडतं. हेच ९६,००० बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले असते, तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी ३२ लाखांच्या आसपास झाले असते. तेही टॅक्स फ्री. ११ लाखांचा फरक आहे, त्यात तुमची ती जपानी मशीनं पाच-सहा येतात.

टॅक्सवरून आठवलं. मार्च २०२३ ही तारीख वाचूनच मला कळलं की ही पॉलिसी कशी विकली गेली. त्या वर्षीच्या बजेटमध्ये नियम आला : १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर गेला, तर मिळणारी रक्कम करपात्र. मग महिनाभर एजंटांनी ‘शेवटची संधी’ म्हणून गावंच्या गावं पालथी घातली. तुमचा हप्ता ९६,०००. पाच लाखांशी तुमचा काय संबंध? शिवाय तुमचा धंदाच ६ लाखांचा. त्यातलं उत्पन्न कुठल्याही पद्धतीने मोजलं तरी तुम्हाला आज इन्कम टॅक्स बसत नाही. जो टॅक्स लागतच नाही, तो वाचवायला तुम्ही २ लाख ८८ हजार भरून बसलाय.

बरं, विमा तरी किती आहे? पॉलिसी काढून बघा. अशा योजनांत तो बहुतेक वेळा वार्षिक हप्त्याच्या दसपट असतो, म्हणजे साडेनऊ-दहा लाख. घरात कमावणारा एक, मुलं शाळेत, आणि तुम्ही शिडीवर चढून बोर्ड लावणारे. दहा लाखांत हे घर किती वर्षं चालेल, हा हिशेब मिसेसना घेऊन बसा आणि एकदा करा.

आता पुढे काय? भरलेल्याचं दुःख बाजूला ठेवा, अजून नऊ हप्ते, म्हणजे ८ लाख ६४ हजार जायचे बाकी आहेत. प्रश्न त्यांचा आहे. चौथा हप्ता भरू नका. तीन हप्ते झालेत, त्यामुळे पॉलिसी बुडत नाही, ती ‘पेड-अप’ होते. म्हणजे पुढे भरायचं काही नाही, आणि मुदत संपल्यावर भरल्याच्या प्रमाणात रक्कम मिळते. दुसरा मार्ग सरेंडरचा, म्हणजे पैसे आत्ताच मागायचे. २०२३ च्या पॉलिसीला तिसऱ्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के मिळतात, म्हणजे लाखभर. चौथ्या वर्षापासून तो आकडा ५० टक्क्यांवर जातो. त्यामुळे उद्याच उठून सरेंडर करायला धावू नका. कंपनीच्या शाखेत अर्ज द्या आणि दोन आकडे लेखी मागा : मार्चनंतर सरेंडर केली तर हातात किती, आणि पेड-अप ठेवली तर मुदतीला किती. पेड-अपचा आकडा सरेंडरच्या सव्वातीनपटीहून जास्त निघाला तर ती राहू द्या, मुदतीपर्यंत सतरा वर्षं पडून राहील. कमी निघाला तर मोडा आणि पीपीएफमध्ये टाका. सव्वातीनपट का? कारण लाख रुपये ७.१ टक्क्यांनी सतरा वर्षांत तेवढेच होतात. शाखेत गेल्यावर कोणी ‘अहो, नुकसान होईल’ म्हटलं, तर नुकसान किती तेही कागदावर लिहून मागा.

मात्र क्रम चुकवू नका. हप्ता थांबला की आहे तो विमाही घटतो. म्हणून आधी ५० लाखांची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीला परतावा नसलेला नुसता विमा, हातात घ्या, मग हा हप्ता सोडा. तुमच्या वयाला दहा-बारा हजारांच्या घरात पडेल. २०२५ च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवर जीएसटीही उरलेला नाही. तंबाखू-गुटखा खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा. हप्ता वाढेल, पण खोटं लिहिलंत तर पुढे दावा अडकेल आणि कंपनीच्या ऑफिसात चकरा मिसेसना माराव्या लागतील. कंपनी आयटी रिटर्न मागेल. टॅक्स बसत नाही म्हणून रिटर्न भरलंच नसेल तर ते आधी भरा, बोर्डवाले इथेच अडकतात. चौघांचा ५ लाखांचा आरोग्य विमा वीस हजारांच्या आसपास. त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे तो नाही असं मी धरतो.

सोसायटीबद्दल एकच. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द, म्हणजे कर्नाटकातल्या सहकारी, सोसायट्यांना ते नाही. आपल्या भागात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि बहुतेकांची पिग्मी तिथेच असते. रोजची बचत म्हणून चांगली सवय, पण वर्षाला मोकळी करत जा, तिथे साठवू नका.

आता तुमचे महिन्याचे ४०,०००. तुम्ही फोड दिली नाहीत, पण मला वाटतं ती अशी : रोज दहा नंबरप्लेट, दीडशे रुपये प्रमाणे, पंचवीस दिवस. झाले ३७,५००. ही कमाई संपलेली आहे हो! १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावूनच शोरूममधून निघतात, आणि त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवायचा आदेश कर्नाटकाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये काढला. मुदती वाढत गेल्या म्हणून गिऱ्हाईक अजून दुकानात डोकावतं, एवढंच. रेडियमवर आकडे कापून देणं हा आता धंदा नव्हे, आणि त्यासाठी दागिने ठेवणं तर नव्हेच.

तसंच ९ लाखांचं ते वर्ष. २०२४ च्या सुरुवातीला पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा झाला आणि दुकानदारांना एकदम बोर्ड बदलावे लागले. त्यात तुमचं भलं झालं, छान झालं. पण बदललेला बोर्ड पुढच्या वर्षी कोणी पुन्हा बदलत नाही. तुमचा धंदा ६ लाखांचाच धरा. टिकणारं काम कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक : जांबोटी-चोर्ला रस्त्यावरची रिसॉर्टं आणि होमस्टे, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना लागणारे रिफ्लेक्टर पट्टे, उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांना लागणारे मशीनवरचे सूचनांचे स्टिकर. यातलं शेवटचं मिळवायचा प्रयत्न करा. उधारी लांबते, पण ऑर्डर दर महिन्याला येते.

म्हणून मी मशीनची कमाई फक्त वाचणाऱ्या बिलात मोजतो. ७,००० वाचले, त्यातून ब्लेड, ट्रान्सफर टेप आणि वाया जाणारं व्हिनाइल यांचे हजार काढा. राहिले ६,०००. जपानी मशीन १८ टक्के जीएसटी धरून १ लाख ८९ हजारांना पडतं. १५ टक्क्यांच्या कर्जावर महिन्याला हेच ६,००० भरत राहिलात तर जवळजवळ साडेतीन वर्षं दागिने सोसायटीत. चिनी ४५,००० ला, कर्जाशिवाय, आठ महिन्यांत वसूल. तुमची जीएसटी नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर त्या १८ टक्क्यांतला रुपयाही परत येत नाही, म्हणून कोटेशन नेहमी टॅक्ससकट वाचा.

चिनीच घ्या. जपानी वाईट म्हणून नव्हे. रोलँड किंवा ग्राफटेकमध्ये सर्व्हो मोटर असते, ती वेगातही गोलाई सफाईने कापते. स्वस्त मशीनची स्टेपर मोटर वेग वाढवला की गोलाईला कोन पाडते, आणि कन्नड अक्षर म्हणजे नुसती गोलाईच. पण दिवसाला दोन-चार बोर्ड असतील तर वेग कमी ठेवून कापा, घाई कोणाला आहे? छापील स्टिकर कडेने कापायची सोय, म्हणजे कंटूर कटिंग, दोन फुटी चिनी मशीनमध्ये बऱ्याचदा नावापुरती असते. छपाई तुम्ही बाहेरूनच करून घेणार असाल, तर कटिंगही तिथेच होऊ द्या.

डीलरकडे जाताना स्वतःची फाइल न्या, त्याच्या डेमोची फुलपाखरं बघू नका. एक सेंटिमीटर उंचीची कन्नड ओळ कापायला लावा, खाली लटकणारी ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, असलेली. ती सोलताना तुटली नाहीत तर पुढचं. मग दहा फूट लांब चौकट कापा. स्वस्त मशीनमध्ये रोल हळूहळू तिरका सरकतो आणि शेवटचा कोपरा पहिल्या रेषेला मिळत नाही. तो मिळाला पाहिजे. जाड रिफ्लेक्टिव्हचा तुकडाही बरोबर ठेवा. त्याला साध्या व्हिनाइलचं ४५ अंशांचं ब्लेड पुरत नाही, ६० चं लागतं. दोन्ही ब्लेडं किमतीत मागून घ्या. आणि मराठी मजकूर कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून वेल्ड केल्याशिवाय, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा एकजीव केल्याशिवाय, मशीनला देऊ नका, नाहीतर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरात घुसलेली असते, ब्लेड तिथे आडवं फिरतं आणि ‘खानापूर’चे चार तुकडे हातात येतात. बेळगावचा कटिंगवाला हे इतके दिवस न सांगता करत होता. आता ते तुमच्याकडे. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा मशीन कॉम्प्युटरच्या यूपीएसवर टाका.

पिग्मीतल्या ८५,००० तून मशीनचे ४५,०००, टर्मचे बारा, आरोग्य विम्याचे वीस. उरलेल्या आठ हजारांत व्हिनाइलचे रोल. दागिने घरी.

मेव्हणे घरी येणार, चहा होणार, आणि ‘तीन वर्षं भरलेत, आता सोडू नका’ असं होणार. त्यांना तोंडी उत्तर देऊ नका, कंपनीचं पत्र येऊ दे म्हणून सांगा. आणि हप्ता बँकेतून आपोआप कापला जात असेल, तर टर्म पॉलिसी हातात आल्या दिवशीच शाखेत जाऊन ते मँडेट बंद करा. पोच घ्या, शिक्क्यासकट.