'असेमिक'ला 'निरर्थक' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका चित्रप्रदर्शनात काही रेखाटनं पाहिली. लांबून कुणाचं तरी पत्र वाटावं, जवळ गेल्यावर एकही अक्षर लागू नये. खाली पाटी 'असेमिक रायटिंग'. याला मराठीत 'निरर्थक लेखन' म्हणता येईल का?

कृपया म्हणू नका. ग्रीक 'सेमा' म्हणजे खूण, तिच्याआधी आपल्यासारखाच नकाराचा 'अ'. दृश्यकविता करणाऱ्या टिम गेझ आणि जिम लेफ्टविच यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द रूढ केला. मूळ शब्द एवढंच सांगतो की इथे ठरलेल्या खुणा नाहीत. आपला 'निरर्थक' मात्र शेरा मारतो: निरर्थक बडबड, निरर्थक खटाटोप. 'अवाच्य' सुचेल, पण तो मराठीत शिव्यांना चिकटला आहे. 'दुर्बोध' म्हणजे अर्थ आहे, पण पोचत नाही. तेही इथे खरं नाही.

'गिचमीड' आणि 'गिरगटणं' हे शब्द मला आवडतात, पण त्यांत हाताचा निष्काळजीपणा गृहीत आहे. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसची कलावंत मिर्ता देर्मिसाचे हिची पानं पाहा. तिने पत्रं 'लिहिली', १९७२ साली अख्खं वर्तमानपत्र केलं. रकाने आहेत, ओळी आहेत, समास सोडलेला आहे, वाचता येणारा मजकूर तेवढा नाही. १९७१मध्ये फ्रेंच समीक्षक रोलां बार्थने तिला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. या कामाला गिचमीड म्हणणं अन्याय आहे.

आपल्या भाषेत लिहिणं आणि चित्र काढणं यांच्यात पक्की भिंत कधी नव्हतीच. संस्कृत 'लिख्' म्हणजे मुळात ओरखडणं, कोरणं. चित्राला 'आलेख्य' म्हणत, जुन्या मराठीतही चित्र 'लिहिलं' जाई, आणि खिळून उभ्या राहिलेल्या माणसाला 'चित्रलिखितासारखा' म्हणतात ते त्यातूनच. उलट बाजूने पाहा: आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो आणि 'अक्षरही छान काढतो'. क्रियापद एकच.

म्हणून मी शब्द सुचवतो तो 'वळण'वरून: वळणलेखन. पाकिटावरचा पत्ता वाचायच्या आधीच हे मावशीचं पत्र आहे हे कळायचं, ते वळणामुळे. शब्द कळायच्या आधी नजरेत भरतं आणि मजकूर विसरल्यावरही लक्षात राहतं ते वळणच. शिवाय हाताला लागतं तसं माणसालाही वळण लागतं. मोडीत तर लेखनशैलींची नावंच अशी होती: चिटणिसी वळण, बिवलकरी वळण, रानडी वळण. अर्थापासून वेगळी काढता येणारी हाताची चाल, हिला आपल्याकडे शतकानुशतकं स्वतंत्र नाव आहे. मग कलेचं नाव 'काय नाही' यावरून कशाला ठेवायचं? जे आहे त्यावरूनच ठेवूया.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. मोडी न येणाऱ्याला मोडीचा कागद असाच दिसतो: पानभर आधी ओढून घेतलेली आडवी रेघ, तिला लोंबकळणारी, हात न उचलता एकमेकांत गेलेली अक्षरं. पण तो कागद वळणलेखन नव्हे. जाणकाराला त्यात वसुलीचा हिशेब लागतो. आपल्याला न लागणं आणि मुळातच नसणं यांची गल्लत होऊ देऊ नये. वाचता न येणाऱ्या जुन्या दप्तराला कुणी हौसेने 'असेमिक' म्हटलेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आणि सगळीच अक्षरासारखी चित्रं या एका शब्दात बसणार नाहीत. मद्रासमध्ये चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३पासून 'वर्ड्स अँड सिम्बल्स' ही मालिका केली. एका विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीतले आकडे, रोमन अक्षरं आणि आकृत्या पाहून त्यांना ती सुचली. त्यांत मल्याळमसारख्या दिसणाऱ्या ओळी, कुंडलीच्या चौकटी आणि गणिती चिन्हं एकमेकांशेजारी येतात. तिथे हाताच्या ओघापेक्षा पानाची मांडणी बोलते. त्या चित्रांना मी 'अक्षरचित्रं' म्हणेन. तुम्ही पाहिलेल्या रेखाटनांत ओळ डावीकडून उजवीकडे वाहत गेली असेल आणि शाई कुठे दाट, कुठे फिकी झालेली दिसली असेल, तर पाटीवर बिनधास्त लिहा: 'वळणलेखन, कागदावर शाई'.