चौथा महिना, हिमोग्लोबिन ९.२ आणि माहेर सीमेपलीकडे

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडते. सासर कर्नाटकात निपाणीजवळ, माहेर महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, तू पहिलटकरीण, चौथा महिना लागलाय, हिमोग्लोबिन ९.२. नाव कुठं घालू, माहेरी कधी जाऊ, आणि सासूबाई म्हणतात तसं लोहाच्या गोळ्यांनी बाळ मोठं होऊन सिझर करावं लागतं का? शिवाय, "मॅडम, एवढी वर्षं बाळंतपणं केलीत, सगळ्यात महत्त्वाचं काय ते सांगा."

महत्त्वाचं म्हणजे मोजणं. काय खावं आणि काय खाऊ नये यावर घरोघरी जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मीसुद्धा रक्तदाबावर होत नाही. पपईचं विचारायला आलेल्या बाईची फाईल उघडावी तर बी.पी.चा रकाना कोरा, हे मी निवृत्त होईपर्यंत बघत आले. (पिकलेली पपई खा, कच्ची नको. विषय संपला.)

आता तुझं ९.२. गरोदरपणात ११च्या खाली गेलं की रक्त कमी, ७च्या खाली गेलं की धोका मोठा. तू मधे आहेस, म्हणजे घाबरायचं नाही आणि पुढं ढकलायचंही नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर रोज एक, निदान १८० दिवस. तुझ्याएवढं असेल तर बहुधा रोज दोन सांगतात; तुझ्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारून सुरू कर. महिन्याने परत तपासायचं. एका ग्रॅमनंही वर सरकलं नाही तर शिरेतून लोह देता येतं, त्याला घाबरू नकोस.

गोळी लिहून देणं सोपं, ती पोटात जाणं अवघड. मी बायकांना रिकाम्या पट्ट्या घेऊन यायला सांगायची. तोंडानं सगळ्या "घेते की" म्हणायच्या, पट्टी मात्र खरं बोलायची: वरच्या चार गोळ्या गेलेल्या, बाकी जशाच्या तशा. खोदून विचारलं की कारणं यायची. मळमळतं, शौचाला काळं होतं, बाळ काळं होईल म्हणाले. शौच काळी होणारच, लोहाचा रंग आहे तो, त्याचा बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घे. आणि आपल्याकडची खरी अडचण चहाची. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, शेंगांची चटणी, उसळ, अंडं हे सगळं खा, पण नुसत्या खाण्यानं ९.२चं ११ होत नाही, तेव्हा गोळीला पर्याय शोधू नकोस.

सासूबाईंना सांग, लोहानं बाळ फुगत नाही. फुगतं ते आईच्या रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी एकदा आता आणि एकदा २४ ते २८ आठवड्यांत करून घे. डोहाळजेवणाला बेळगावचा कुंदा येणारच, चमचाभर खा. डबा मात्र नणंदेच्या हवाली कर.

कमी खाल्लं की बाळ लहान राहतं नि बाळंतपण सोपं होतं, हाही एक लाडका समज. अडचण बाळ मोठं असण्यापेक्षा अशक्त असण्याची आपल्याकडे जास्त आहे.

आणि मशेरी. तू लिहिलं नाहीस, पण निपाणीकडची म्हणून विचारते. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या किती बाया सकाळी दात घासायला म्हणून मशेरी लावतात आणि मग दिवसातून चारदा लावतात! विचारलं तर "तंबाखू खात नाही" म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खोटंही नसतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि बाळाचं वजन कमी भरतं. मळमळीवर उपाय म्हणून कुणी दिली तरी घेऊ नकोस.

रक्तदाब प्रत्येक खेपेला मोजून घे, आणि आकडा डोळ्यांनी बघ. १४०/९० किंवा वर असेल तर "थकवा असेल" म्हणून घरी येऊ नकोस. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी, बरगडीखाली कळ, तोंडावर सूज, अंगावरून रक्त वा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघायचं. मी शिकत होते तेव्हा रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला आधी देवऋषाकडं नेऊन मग आमच्याकडं आणायचे. आता ते खूप कमी झालंय.

घरी बाळंत होण्याचा आग्रह तुझ्याकडे नसेलच, तरी एक सांगते, कारण ती आपल्या जिल्ह्याची गोष्ट आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं बाया जातात. बेळगावच्या जे.एन.एम.सी. या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळींनी इथल्याच खेड्यांत, नर्सबाईंच्या हातून मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे पिशवी आवळून रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्या देऊन अभ्यास केला. १,६२० बाया होत्या. जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर वापरला गेला. तरी ती सोय दवाखाना लांब असलेल्यांसाठी. तुला दवाखाना गाठता येतो, तेव्हा तिथंच हो.

राहिलं नाव घालायचं. तुझं प्रकरण मजेशीर आहे. सासरहून कोल्हापूर जवळ, माहेरहून बेळगाव जवळ, म्हणजे दोन्हीकडून दुसऱ्या राज्याकडं धाव! आत्ताच सासरच्या आशाताईंकडून तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड) करून घे आणि तपासण्या तिथंच चालू ठेव. १८ ते २० आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नकोस. माहेरी जायचं तर ३४व्या आठवड्याच्या आसपास जा, अगदी शेवटच्या दिवसांत घाटातून प्रवास नको. जाण्याआधी आईला पाठवून तिकडच्या दवाखान्यात चौकशी करून ठेव, आणि गेल्या-गेल्या एकदा दाखवून नाव घाल. कळा सुरू झाल्यावर अनोळखी दारात उभं राहायला नको.

कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाची चिठ्ठी एका पिशवीत, आणि सगळ्याचा फोटो नवऱ्याच्या आणि भावाच्या मोबाईलमध्ये. कार्डावरचा कन्नड मजकूर चंदगडात कुणाला वाचता येईलच असं नाही. तेव्हा रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, हिमोग्लोबिन आणि बी.पी. एका कागदावर मराठीत लिहून आत ठेव. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते लाल पेनानं, कारण निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला २८व्या आठवड्यात लागणारं अँटी-डी इंजेक्शन सासरी द्यायचं की माहेरी या घोळात राहून जातं. इकडच्या योजनेचं कार्ड तिकडच्या खाजगी दवाखान्यात चालतं का, तेही आईलाच विचारून घ्यायला सांग. पहिल्या बाळाचे सरकारच्या मातृ वंदना योजनेचे पाच हजार मिळतात, त्याचा अर्ज आशाताई भरून देतील.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट असते. पुढच्या ९ला नवऱ्याला घेऊन जा, आणि रक्तगट अजून तपासला नसेल तर त्याच दिवशी तपासून घे.