दुकान तेच, नंबर नवा

प्रश्न : माझे पती १४ सप्टेंबर २०२५ रोजी अचानक गेले. बार्शीत आमचं पाईप आणि पाणबुडी मोटारींचं दुकान आहे. जीएसटी, बँक खातं, सगळं त्यांच्या नावावर. तेराव्यानंतर मी दुकान उघडलं आणि जुन्याच नंबरावर बिलं करतेय. काउंटरवर क्यूआर कोडही तोच आहे. स्कॅन केलं की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर अजून त्यांचंच नाव येतं. तो काढवत नाही. विम्याचे १५ लाख आलेत. दीर म्हणतात, मुलाच्या नावानं ठेव करा, कर वाचेल. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, घरी सासूबाई आहेत. यांनी २००९ साली २ लाख ४० हजारांना घेतलेला एनए प्लॉट १८ लाखांना मागतायत. तो विकून पैसे दुकानात घालावेत का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी क्यूआर कोड. तो काढा आणि घरी जपून ठेवा. एकट्याच्या मालकीचं दुकान कायद्याला वेगळं दिसतच नाही. माणूस म्हणजेच दुकान. त्यामुळे १४ सप्टेंबरला वर्षाचे दोन तुकडे झाले. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, पुढचं तुमच्या. त्यांचं विवरणपत्र तुम्हीच भरायचं, त्यासाठी आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. दोन्ही विवरणपत्रांत प्रत्येकी ४ लाखांपर्यंत कर नाही आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर आयकराच्या नव्या पद्धतीत सवलतीमुळे दुकानाच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो. पण पैसा जुन्या खात्यात जमा होत राहिला, तर कुठलं कुणाचं हे सांगताना तुमचीच दमछाक होईल. त्या दिवशी दुकानात किती माल होता, तेही खरेदीबिलांवरून आत्ताच काढून ठेवा.

जीएसटीचा नवा नंबर घ्या. वारसानं धंदा पुढे चालवला की ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा बघायची नसते, नोंदणी घ्यावीच लागते. मुदत तीस दिवसांची होती, ती गेली. म्हणून अर्ज याच आठवड्यात करा आणि कारण ‘मालकाचा मृत्यू’ असं लिहा. एक क्रम मात्र चुकवू नका. आधी नवा नंबर, मग जुन्या नंबरावरचं शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीची वजावट, आयटीसी-०२ या फॉर्मनं नव्याकडे वळवायचं आणि त्यानंतरच जुना नंबर बंद करायचा. घाईनं आधी बंद करून क्रेडिट अडकवून घेतलेले लोक माझ्याकडे दर वर्षी येतात, हातात कागदांची कॅरीबॅग घेऊन. आणि हो, क्रेडिटबरोबर जुनी थकबाकीही तुमच्याकडेच येते. मधल्या महिन्यांत जुन्या नंबरावर भरलेल्या कराची चलनं तुमच्या कर सल्लागारापुढे ठेवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

विम्याच्या रकमेवर कर नाही, ठेवीच्या व्याजावर आहे. दिरांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला फार जुना. १९९२ च्या अर्थसंकल्पापासून अज्ञान मुलाचं असं उत्पन्न आईवडिलांच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. ठेव तुमच्या नावावर ठेवा नाहीतर त्याच्या, बेरीज तुमच्याच विवरणपत्रात होणार.

आता प्लॉट. तुम्ही १८ लाख दुकानात घालायचं म्हणता, पण तेवढे तुमचे नाहीत. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगा आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो, म्हणजे प्रत्येकी ६ लाख. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला आधी न्यायालयाची परवानगी लागते आणि मिळालेले पैसे न्यायालय बहुधा त्याच्या नावानं ठेवायला सांगतं. दुकानाला हात देतील ते तुमचे ६ लाख. दुकानातल्या मालालाही हेच तीन हिस्से लागू आहेत, म्हणून ते एकटीनं चालवायला सासूबाईंची संमती लेखी घ्या.

वारशानं मिळताना कर लागत नाही, विकताना लागतो, आणि किंमत धरायची ती त्यांनी २००९ साली दिलेली. म्हणजे नफा १५ लाख ६० हजार. यावर १२.५ टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांकानं किंमत वाढवून २० टक्के. जे कमी ते निवडता येतं. २००९-१० चा निर्देशांक १४८, २०२५-२६ चा ३७६. किंमत वाढून ६ लाख १० हजारांच्या आसपास जाते आणि कर होतो २ लाख ३८ हजार. सरळ मार्गानं १ लाख ९५ हजार. तेव्हा सरळच बरा.

पण हे झालं एकाच माणसाचं गणित. नफ्याचेही तीन भाग होतात, ५ लाख २० हजारांचे. सासूबाईंचं दुसरं उत्पन्न नसेल, तर त्यांचे ४ लाख आधी वजा होतात, उरलेल्या १ लाख २० हजारांवर जेमतेम १५ हजार. तुमचा आणि मुलाचा भाग एकत्र येऊन १ लाख ३० हजार. एकूण १ लाख ४५ हजार, वर ४ टक्के उपकर. त्या वर्षी मात्र तुमचा एकूण आकडा १२ लाखांच्या वर गेला, तर दुकानाच्या उत्पन्नावरची सवलतही जाईल. नफा दुकानात घातला म्हणून कर माफ होत नाही. त्यासाठी घर घ्यावं लागतं किंवा सहा महिन्यांत सरकारी कंपन्यांचे ठरावीक रोखे, जे पाच वर्षं मोडता येत नाहीत. दुकान हातात असताना मी तरी पैसा अडकवला नसता, कर भरून मोकळा झालो असतो.

आणि एक, कराच्या बाहेरचं. सासूबाईंचा हिस्सा पुढे त्यांच्या वारसांकडे, म्हणजे दिरांकडेही जाऊ शकतो. प्लॉटचा इसार घेण्याआधी सासूबाईंशी तुम्ही स्वतः बसून बोला.