प्रवासातला माऊस : चार्जिंगचा की पेन्सिल सेलचा?

प्रश्न : कामानिमित्त मला दर आठवड्याला बाहेरगावी जावे लागते. माझा वायरलेस माऊस घरी जुन्या चार्जरवर व्यवस्थित चार्ज होतो; मात्र लॅपटॉपच्या नव्या टाइप-सी चार्जरला जोडला की त्याचा दिवासुद्धा लागत नाही. माऊस बिघडला आहे, की सेलवर चालणारा दुसरा घ्यावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला माऊस बिघडलेला नसावा. जुन्या चार्जरच्या रुंद, आयताकृती यूएसबी पोर्टवर ५ व्होल्टचा पुरवठा कायम सुरू असतो. टाइप-सी चार्जर मात्र, केबलची दोन्ही टोके टाइप-सी असतील तर, पलीकडे वीज घेणारे उपकरण आहे याची खूण मिळाल्याशिवाय वीज सोडतच नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या पोर्टमागे बसवलेले ५.१ किलोओहमचे रोधक (रेझिस्टर). टाइप-सीच्या मानकानुसार ते आवश्यक असले, तरी अनेक स्वस्त उपकरणांत ते गाळलेले असतात. इतक्या क्षुल्लक किमतीच्या भागासाठी ग्राहकाला अडचणीत टाकणे मला मुळीच पटत नाही.

उपाय सोपा आहे. एका टोकाला रुंद यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली केबल बॅगेत ठेवावी आणि माऊस लॅपटॉपच्या रुंद पोर्टवरच चार्ज करावा. पॉवर बँकेवर फार विसंबू नये, कारण माऊस इतका कमी प्रवाह घेतो की काही पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

नवा माऊस घ्यायचाच असेल, तर आपल्यासारख्या सतत फिरतीवर असणाऱ्यांना मी एका पेन्सिल सेलवर चालणारा साधा माऊस सुचवेन. लॉजिटेकच्या एम१८५ या माऊसला एक सेल १२ महिन्यांपर्यंत पुरतो, असे कंपनी सांगते. त्याच कंपनीचा चार्जिंगचा एमएक्स एनीव्हेअर ३ एका पूर्ण चार्जवर ७० दिवसांपर्यंत चालतो. चार्जिंगच्या माऊसची जमेची बाजू अशी, की एमएक्स एनीव्हेअर ३ मध्ये १ मिनिटाच्या चार्जिंगवर ३ तास काम होते आणि केबल लावलेली असतानाही माऊस वापरता येतो. ॲपलच्या मॅजिक माऊसचा पोर्ट तळाशी असल्याने तेवढा वेळ हात आवरून बसावे लागते. तरीही चार्जिंगच्या माऊसमधली लिथियम बॅटरी काही वर्षांनी क्षीण होतेच आणि ती बदलणे बहुधा सोपे नसते. पेन्सिल सेल मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो.

सेल घेताना त्यावरचे व्होल्ट अवश्य वाचावेत. १४५०० या क्रमांकाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, परंतु तो ३.७ व्होल्टचा असल्याने १.५ व्होल्टच्या माऊसमध्ये घातल्यास माऊस कायमचा निकामी होऊ शकतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. ते बहुतेक माऊसमध्ये चालतात, फक्त बॅटरी प्रत्यक्षापेक्षा कमी उरल्याचे दिसू शकते.

बॅगेत ठेवण्यापूर्वी माऊसच्या तळाचे बटण बंद करावे, कारण गाडीच्या हादऱ्यांनी तो वारंवार जागा होतो आणि बॅटरी विनाकारण उतरते. माऊस काही महिने पडून राहणार असेल, तर अल्कलाइन सेल काढून ठेवावा, कारण तो पाझरला तर आतल्या पट्ट्या गंजतात.