इजिप्तमधल्या गिझाच्या फारोह (राजा) खाफ्रेच्या मंदिरात ग्रॅनाइटचे चिरे कोपऱ्यात वळलेले का दिसतात?

तुम्ही विचारलंय की हे वळलेले, तिरक्या सांध्यांचे दगड भूकंपासाठी मुद्दाम एकमेकांत अडकवले होते का. माझ्या मते कोपऱ्यातला तो छोटा वळसा बांधकामाच्या क्रमामुळे आला आहे.

चिरा बसवण्याआधी त्याची फक्त खालची बाजू आणि शेजारच्या चिऱ्याला भिडणारी बाजू घडवत. वरची बाजू अख्खा थर लागल्यावर सपाट करत, आणि दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी. तोवर तिथे जादा दगड तसाच ठेवत, म्हणजे चढवताना कडा फुटली तरी बिघडत नसे. भिंत उभी राहिली की डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून हा जादा दगड काढायचा. आतल्या कोपऱ्यात तो काढला की चिऱ्याचा उरलेला भाग आपोआप दुसऱ्या भिंतीवर वळलेला दिसतो. म्हणूनच हा वळसा कुठे मोठा, तर कुठे जेमतेम बोटभर असतो. थराआड थर बाजू बदलल्याने कोपरा बांधला जातो, हे मात्र खरं.

पुरावा शेजारीच आहे. गिझातल्याच फारोह मेनकाउरेच्या पिरॅमिडचे खालचे 16 थर ग्रॅनाइटचे आहेत. उत्तरेकडच्या प्रवेशाभोवती ते तासलेले आहेत, पण बऱ्याच ठिकाणी दगड अजून फुगीरच आहेत.

तिरक्या सांध्यांचं कारण काटकसर. ग्रॅनाइट आस्वानहून नाईलमार्गे येई आणि घडवायला फार कठीण. प्रत्येक दगड गुण्यात (काटकोनात) आणण्यापेक्षा शेजारच्याची बाजू त्याच कोनात घडवली की माल आणि श्रम दोन्ही वाचतात. तोटा एकच: असा चिरा दुसऱ्या जागी चालत नाही, त्यामुळे क्रम चुकला की काम अडतं.

सांध्यात जिप्समचा पातळ मसाला असे. त्याचं मुख्य काम वंगणाचं, जड दगड शेवटचे काही सेंटिमीटर सरकवायला. खुफूच्या पिरॅमिडच्या चुनखडी आवरणाचे सांधे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी मोजले, सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर. सगळीकडे मात्र अशी सफाई नाही. नंतरच्या काळातल्या अनेक भिंतींत सांधा दर्शनी काही सेंटिमीटरच घट्ट असतो, मागे मसाला आणि कपऱ्या.

खरी अडकवण पाहायची असेल तर इजिप्तमधल्याच अबायडॉसच्या ओसायरियन या प्राचीन वास्तूमधल्या डमरूच्या आकाराच्या खाचा पाहा. अशा खाचांत लाकडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या बसवून दोन दगड जोडत. लाकूड कुजतं आणि धातू चोरीला जातो, त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी नुसत्या खाचाच उरल्या आहेत.