पक्या की प्रकाशराव?

एका वाचकाने विचारलं आहे: दहावीनंतर थेट पस्तीस वर्षांनी शाळेतला मित्र भेटला. मुंबईहून गाडी घेऊन आलेल्या यांनी ‘अरे, ओळखलंस का?’ म्हणत हात पुढे केला. त्याने हात घट्ट धरला, तोंडभर हसला आणि म्हणाला, ‘वा! कसे आहात?’ ते ‘आहात’ यांना लागलं. एकदा ‘तू’ म्हटलेल्या माणसाला पुढे ‘तुम्ही’ म्हणावं अशी मराठीची रीत आहे का, की त्याने मुद्दाम परकं केलं?

रीत अशी नाही. बरोबरीच्या मित्रांत जडलेलं ‘तू’ सहसा आयुष्यभर टिकतं. दोघांपैकी एक कलेक्टर झाला तरी टिकतं. पण म्हणून मित्राने परकं केलं असंही लगेच धरू नये. त्याचं ‘आहात’ कुठून आलं असेल ते जरा पाहू.

मराठीत एकेरी म्हणजे कमी मान आणि ‘अहो’ म्हणजे जास्त मान, असं शाळेत सरसकट शिकवतात. ते अर्धंच खरं. आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि अनेक घरांत बाबांना ‘अहो’. विठ्ठलाला तर सगळेच ‘तू’ म्हणतात. ‘अरे’ हेही काही हलकं संबोधन नव्हे; उपनिषदातला याज्ञवल्क्य आत्म्याबद्दल सांगताना आपल्या बायकोला, मैत्रेयीला, ‘अरे’च म्हणतो. म्हणजे एकेरीला दोन कामं आहेत: वरच्याने खालच्याला हाक मारणं आणि जवळच्याने जवळच्याला. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या सर्वनामांबद्दल हेच मांडलं: एक सूत्र सत्तेचं, दुसरं सलगीचं. मराठीला ते जसंच्या तसं लागू पडतं. सत्तेचं ‘तू’ एकाच दिशेने जातं, सलगीचं दोन्हीकडून येतं. त्यामुळे जीव दुखावतो तो ‘तुम्ही’ने नव्हे. दोघंही ‘तुम्ही’ म्हणाले तर ती नुसती औपचारिकता. एकाचं ‘तू’ आणि दुसऱ्याचं ‘तुम्ही’ झालं की मात्र बाक मोडतो आणि टेबल-खुर्ची तयार होते.

मधली वर्षं नेमकी इथे घोळ घालतात. यांच्या डोळ्यांपुढे सोळा वर्षांचा मुलगा होता, म्हणून ‘ओळखलंस’ आलं. त्याच्यापुढे मुंबईहून गाडी घेऊन आलेला, केस पांढरे झालेला माणूस उभा होता, म्हणून ‘आहात’ आलं. एकाने तेव्हाचा माणूस पाहिला, दुसऱ्याने आताचा हुद्दा. समोर उभा असलेला पन्नाशीचा माणूस दोघांनीही पाहिला नाही. ‘तू अजून तसाच आहेस रे’ हे वाक्य आपण कौतुक म्हणून फेकतो. ज्याची मधली वीस वर्षं कर्ज फेडण्यात किंवा दवाखान्याच्या चकरांत गेली, त्याला ते कसं ऐकू येत असेल?

गंमत म्हणजे या पेचातून सुटायला मराठीने चोरवाटा ठेवल्या आहेत. वर्तमानकाळात सुटका नाही: ‘करतोस’ किंवा ‘करता’, एक निवडावंच लागतं. आज्ञार्थात ‘बस’ किंवा ‘बसा’. भविष्यात ‘येशील’ किंवा ‘याल’. पण भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे ‘घर बांधलं का?’, ‘मुलीचं लग्न केलं का?’ असं विचारता येतं. शेवटचा ‘स’ किंवा ‘त’ गिळला की झालं. बोलण्यात तो नाहीतरी अनेकजण गिळतातच. ‘ओळखलंस’ आणि ‘ओळखलंत’ यांत सगळा फरक त्या एका अक्षराचा आहे. त्याहून भरवशाची वाट म्हणजे क्रियापदाचं नाम करून कर्ताच गायब करणं: ‘कधी येणं झालं?’, ‘सध्या मुक्काम कुठे?’, ‘तब्येत काय म्हणते?’, ‘रिटायर व्हायला किती वर्षं राहिली?’ शाळांच्या स्नेहमेळाव्यात कान देऊन ऐका. चहा संपेपर्यंत दोघं मनापासून बोलत असतात आणि ‘तू’ही नसतो, ‘तुम्ही’ही नसतं. दोघंही अंदाज घेत असतात. मला हा प्रकार तुसडेपणापेक्षा कितीतरी सभ्य वाटतो.

सर्वनामाच्याही आधी फरक दाखवते ती हाक. प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या, दिलीपचा दिल्या: हा ‘-या’ एरवी हेटाळणीचा, पण मित्रांत प्रेमाचा. ही नावं माणसाबरोबर वाढत नाहीत. पक्याचा सेवानिवृत्त पक्या होत नाही. तो कायम नववीतच राहतो. उलट ‘प्रकाशराव’ थेट मोठाच जन्माला येतो, त्याला बालपण नाही. विदर्भातलं ‘का बे’, पश्चिम महाराष्ट्रातलं ‘लेका’ आणि ‘गड्या’, कोकणातलं ‘मेल्या’ ही सगळी याच जातीची. अशी हाक आली नाही की सर्वनाम ऐकायच्या आधीच कळतं.

मुलामुलींची गोष्ट त्याहून अवघड. त्या काळच्या बऱ्याच शाळांत मुलगे मुलींशी बोलत नसत. बोललेच तर आडनावाने, ‘ए कुलकर्णी, वही दे’. आता ती कुलकर्णी राहिलेली नाही. नवं आडनाव जिभेवर नाही, पहिल्या नावाने हाक कधी मारलेलीच नाही, मग उरतं ‘मॅडम’. ते मात्र ऐकवत नाही.

संबोधनाचं एक जुनं उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र खेळले, शिकले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोणाच्या घरी दारिद्र्य आलं. द्रोण दरबारात जाऊन म्हणाला, मी तुझा सखा. द्रुपदाचं उत्तर प्रसिद्ध आहे: काळ जाईल तशी मैत्रीही जीर्ण होते, आणि शेवटी ‘सखिपूर्वं किमिष्यते’, जुन्या मैत्रीचं काय घेऊन बसलास! गावात कुणी ‘ते शाळेतलं होतं हो’ म्हणतं, त्यातलाच हा सूर. पण शब्द नीट पाहा. द्रुपद द्रोणाशी बोलतो ते एकेरीतच. त्याने सर्वनाम बदललं नाही, हाक बदलली. मित्राला तो ‘ब्रह्मन्’, ‘द्विज’, म्हणजे ‘ब्राह्मणा’ म्हणतो. वरवर मानाचीच हाक. तिने मित्राला याचकांच्या रांगेत नेऊन बसवलं. आणि ‘मी तुझा सखा’ हे तू ‘प्रसभं’ म्हणतोस, असंही सुनावतो. प्रसभं म्हणजे आगाऊपणे, जबरीने. हाच शब्द गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन वापरतो: तुझा महिमा न कळून मी तुला ‘हे कृष्ण, हे यादव, हे सखा’ असं ‘प्रसभं’ म्हटलं, क्षमा कर. सलगीच्या हाकेला आगाऊ म्हणायचं तर ते हाक मारणाऱ्याने स्वतःला म्हणावं. ऐकणाऱ्याने म्हटलं की पुढे काय होतं तेही महाभारतात आहेच: द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला पकडून आणवलं आणि राजा नसलेला राजाचा मित्र होऊ शकत नाही असं तूच म्हणालास, म्हणून अर्धं राज्य ठेवून घेतो, असं ऐकवलं.

माझ्या मते रीत इथूनच काढावी. ज्याचं बरं चाललं आहे त्याने आधी ‘तू’ म्हणावं आणि समोरच्याकडून ‘तू’ मागून घ्यावं. त्यासाठी मराठीत तयार वाक्य आहे: ‘अहो-जाहो काय करतोस रे!’ मागे पडलेल्या माणसाला हे म्हणता येत नाही. त्याच्या तोंडी ते आगाऊ ठरायची भीती असते. तो बिचारा ‘तुम्ही’ म्हणून आपली इज्जत राखून असतो. प्रश्नकर्त्यांच्या मित्राचं तसंच झालं असण्याचा संभव मोठा. तोंडभर हसून, हात घट्ट धरून कुणी कुणाला परकं करत नाही.

चारचौघांत मात्र नियम वेगळा. मित्राच्या ऑफिसात शिपायाला ‘साहेब आहेत का?’ असंच विचारावं, त्याच्या हाताखालच्यांपुढे ‘हे माझे वर्गमित्र’ असंच म्हणावं आणि दार लोटल्यावर ‘काय रे’. यात विसंगती नाही. पहिलं त्याच्या खुर्चीला, दुसरं त्याला.

आणि एकदा सांगूनही तो ‘तुम्ही’च म्हणत राहिला तर? दोघांची परिस्थिती सारखी असेल तर आपलं ‘तू’ चालू ठेवावं, त्याचं आपोआप सुटेल. पण आपण वरचढ ठिकाणी असू, तर आपलं एकतर्फी ‘तू’ त्याच्या कानाला साहेबाचं वाटू लागेल. बदल्यात ‘तुम्ही’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. तेव्हा वरची चोरवाट धरावी. फोन करावा आणि विचारावं, ‘इकडे कधी येणं होतंय?’