बाळ नोव्हेंबरात, मग गाडी कधी?

सातवा-आठवा महिना लागलेल्या जोडप्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. "बाळ यायच्या आत गाडी घ्यायलाच हवी. नवीन परवडत नाही, आणि जुनी घेऊन फसलो तर?" आता गाडीचा प्रश्न समुपदेशकाकडे कशाला, असं कुणालाही वाटेल. पण गाडीवरून आठवडा आठवडा अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. शिवाय माझ्या धाकट्या भावाचं भोसरीत गॅरेज आहे, त्यामुळे या विषयातलं माझं निम्मं शिक्षण त्याच्याशी फोनवर बोलून झालं आहे.

सागर आणि मृणाल (नावं आणि काही तपशील बदलले आहेत) गेल्या वर्षी, 2025 मध्ये, गणपती गेल्यावर लगेच आले. तो चाकणला कारखान्यात शिफ्ट करणारा, ती चिंचवडच्या एका पतसंस्थेत. डॉक्टरांनी दिलेली तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, कराडला. दसरा झाला की ती जाणार होती. घरात सागरची आई, गुडघ्यांनी बेजार.

वाद तीन बाजूंनी होता. सागरने 2017 ची एक डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही पाहिली होती, साडेचार लाखांना. विक्रेता टोकनसाठी मागे लागला होता. मृणालचे वडील स्वतःची 2011 ची डिझेल स्विफ्ट द्यायला तयार होते, एक पैसा न घेता. सागरचं त्यावर एकच वाक्य: "मामांची गाडी नको." आणि मृणाल म्हणत होती की सध्या गाडीच नको. का, ते मात्र ती सांगत नव्हती.

अशा वेळी कुठली गाडी चांगली या चर्चेत मी शिरत नाही. दोघांना वेगवेगळे कागद दिले. पुढच्या सहा महिन्यांत गाडी कुठे, कधी जाणार आणि चालवणार कोण, एवढंच लिहायचं.

मृणालच्या कागदावर लसीकरण होतं, सासूबाईंचा दवाखाना होता, कराडच्या फेऱ्या होत्या. खाली एक ओळ वेगळी लिहिलेली: "साडेचार लाखांत दीड लाखाची एफडी धरली आहे. ती डिलिव्हरीसाठी ठेवली होती." सिझेरियन झालं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर हात कुणापुढे पसरायचा, हा तिचा घोर होता. बोलली तर 'नवऱ्याच्या कमाईवर विश्वास नाही' असा अर्थ निघेल म्हणून ती गप्प होती.

सागरच्या कागदावर पहिलीच नोंद: "रात्री दोनला फोन आला तर कराड." चिंचवडहून कराड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. बायकोला कळा सुरू होतील आणि आपण स्वारगेटला एसटीची वाट बघत उभे असू, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्याची सगळी घाई त्या एका रात्रीपायी होती. बाळाला गाडी लागणार होती ती मृणाल चिंचवडला परत आल्यावर, म्हणजे फेब्रुवारीत.

हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर मला जे सांगायचं होतं ते सोपं झालं. बाळंतपणाच्या रात्रीची सोय आणि घरची गाडी, या दोन गोष्टी एकाच पैशात आणि एकाच तारखेत कोंबायच्या नाहीत. नुकती घेतलेली, अंगवळणी न पडलेली जुनी गाडी मध्यरात्री, झोप मोडलेल्या आणि घाबरलेल्या माणसाने खंबाटकी घाटातून पळवायची, ही सोय म्हणायची की जोखीम? सागर यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लाइनवरचा एक मित्र चांगला चालवतो. त्याला सांगून ठेवतो." सुट्ट्या साठवून तारखेच्या आधीच कराडला जायचं, असंही ठरलं. खासगी नोकरीत बापाला बाळंतपणाची रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही. त्यामुळे साठवलेल्या सुट्टीवरच भिस्त.

एफडी बाजूला काढली. उरले तीन लाख, त्यात सागरचा पन्नास हजारांचा बोनस मिळवला की साडेतीन. ही सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालायची नाही, हा माझ्या भावाचा हट्ट असतो आणि तो मला पटतो. नाव बदलणं, विमा, टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिसिंग यांना तीस-चाळीस हजार सहज लागतात. हे धरलं नाही तर स्वस्त गाडी दुसऱ्या महिन्यात महाग पडते.

एसयूव्हीचा मोह मात्र सुटत नव्हता. सागरच्या परवानगीने भावाला स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, "मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. सगळे वरचं पुसतात, आतला बेल्ट कोणी धूत नाही." दुसऱ्या दिवशी सागरने फोटो पाठवला. बेल्टचा शेवटचा वीतभर भाग मातकट, त्यावर सरळ कडा उमटलेली. नव्या कोऱ्या सीट कव्हरखाली सीटचे रूळ गंजलेले. विक्रेता म्हणाला, पावसात काच उघडी राहिली होती. असेलही. पण ऑगस्ट 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, तेव्हा भिजलेल्या गाड्याही पुढे कुठेतरी विकल्या गेल्याच असणार. पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. टोकन दिलं नाही. तसाही सागर कामावर कंपनीच्या बसने जातो, गाडीचं रनिंग महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर. एवढ्यासाठी डिझेल घेऊन टर्बो आणि इंजेक्टरचे खर्च अंगावर कशाला घ्यायचे?

राहिली सासऱ्यांची स्विफ्ट. एरवी मी म्हणेन की ओळखीतली, एका हातातली, इतिहास माहीत असलेली गाडी म्हणजे जुन्या गाड्यांतला सर्वांत चांगला सौदा. मिळत असेल तर मान-अपमान गुंडाळून घ्यावी. इथे मात्र नकाराला खरी कारणं होती. 2011 ची नोंदणी म्हणजे 2026 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. मग गाडी तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. बेस मॉडेल, त्यामुळे एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मी सागरला म्हटलं, "'मामांची गाडी नको' असं म्हणू नका, ही कारणं सांगा." त्याने फोन केला. मामा म्हणाले, "हे आधी बोलला असता तर मीच नको म्हटलं असतं की. मला वाटलं, जावईबापूंना आमची गाडी कमीपणाची वाटते." मृणालच्या चेहऱ्यावरचा ताण त्या फोननंतर उतरला. पैशांपेक्षा हेच तिला जास्त लागलं होतं, असं माझं मत.

घरासाठी गाडी बघताना वर्ष महत्त्वाचं असतं ते याचसाठी. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि त्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत आली ती 2021 संपता संपता. त्याआधीची गाडी घेताना नेमकं कुठलं मॉडेल आहे ते पाहावं. टाटाच्या टियागोला जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, ते दोन एअरबॅग असलेल्या गाडीला. एअरबॅग नसलेल्या जुन्या बेस मॉडेलला तेच तारे चिकटवून विकणारे भेटतात.

सप्टेंबरात दोन गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या. पितृपक्षात गाडी घ्यायला लोक कचरतात, त्यामुळे बघायला निवांतपणा मिळाला. सासूबाईंनीही "बघायला काय हरकत आहे, आणू नका म्हणजे झालं" अशी मोकळीक दिली. आणि 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीचा मालकही जरा जमिनीवर येतो.

निगडीतल्या एका निवृत्त गृहस्थांची 2019 ची पेट्रोल टियागो, वरचं मॉडेल, दोन्ही एअरबॅग, 41 हजार किलोमीटर. आकडा खरा कशावरून? चारही टायरवर 0919 छापलेलं, म्हणजे 2019 च्या नवव्या आठवड्यातले, गाडीसोबत आलेले. एवढ्या रनिंगला टायर टिकतात. पेडलची रबरं, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसच्या नोंदी आकड्याशी जुळल्या. भाऊ सकाळी गाडी थंड असताना गेला, बोनेटला हात लावून मगच त्यांना किल्ली फिरवायला सांगितली. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीचे आजार दिसत नाहीत. निळा धूर, म्हणजे इंजिनात ऑइल जळत असल्याची खूण, नव्हता. क्लच मात्र वरून पकडत होता, म्हणजे झिजत आला होता. टायर सहा वर्षांचे झाले, क्लचचा खर्च येणार, हे दाखवून तीन पंचेचाळीसचा सौदा तीन वीसवर आला.

सागरने मित्राकडून बाळाची सीट मागून आणली होती आणि व्यवहाराआधी ती गाडीत बसवून पाहिली. हे फार कमी लोक करतात. नवजात बाळाची सीट मागच्या बाकावर, तोंड गाडीच्या मागच्या दिशेने करून लावायची. समोर, चालू एअरबॅगपुढे कधीच नाही. चालकाच्या मागे लावली तर उंच सागरचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. डावीकडे लावली तर पुढची सीट सरकवावी लागली, पण सासूबाई बुटक्या, त्या आरामात मावल्या. बेल्टही पुरला. "मी मांडीवर घेईन की," हे त्यांचं वाक्य मात्र दोन-तीनदा झालंच. सुनेनं समजावण्यापेक्षा लेकाने सांगावं, असं मी सुचवलं. अचानक ब्रेक लागला की घट्ट धरलेलं बाळही हातातून सुटतं. आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाविना नेलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं त्यांना जास्त पटलं. बाळ जन्मायच्या आत त्याची वस्तू घरात आणायची नाही, यावर मात्र त्या ठाम होत्या. मग नवी सीट मित्राच्याच घरी ठेवली. अशा ठिकाणी वाद घालून काही मिळत नाही.

दसऱ्याचा मुहूर्त हुकला. आधीच्या मालकांचं कर्ज फिटलेलं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचं नाव तसंच. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि ते नाव काढायचा फॉर्म 35 होऊन ते निघेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, यावर मृणाल अडून बसली. पतसंस्थेतली बाई, कागदाला पक्की. प्रलंबित ई-चलानही तिनेच शोधून काढलं, ते मालकांनी लगेच भरलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाकला. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागला. गाडी आली ती दिवाळीच्या पाडव्याला. सासूबाई म्हणाल्या, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा तर अर्धा.

कळा सुरू झाल्या तेव्हा सागर दोन दिवस आधीच कराडला पोचला होता. सिझेरियन झालं, एफडी मोडावी लागली. मुलगी फेब्रुवारीत चिंचवडला आली, डावीकडच्या सीटमध्ये, घाटात रडत. टायर बदलून झालेत. क्लच यंदा करावा लागेल असं भाऊ म्हणतो, आणि त्याचे पैसे मृणालने वेगळे ठेवलेत.